मानशीवरचा गैरहजर

सगुण,

हे सांगणं मी कित्येक वर्षं टाळलं. तुझ्या समोर टाळलं, तुझ्या पाठीमागे टाळलं. निवृत्त झाल्यावर सगळा वेळ माझाच होता, तेव्हाही टाळलं. काल तुझं तेरावं झालं. पंगतीत माझ्या शेजारी बसलेला माणूस पलीकडच्याला सांगत होता, "विधानसभेत मंत्र्याने ज्याच्याबद्दल खोटं सांगितलं, आणि ज्याने ते खोटं विधानसभेकडूनच पुसून घेतलं, तो हा सगुण." मी मान हलवली आणि पानातला भात कालवत राहिलो. मंत्र्याच्या हातात ते खोटं ज्याने दिलं, तो आपल्याच शेजारी जेवतो आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

ती चिठ्ठी मी लिहिली होती. तुला सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. विसरलेली गोष्ट राहून जाते. ही मी राखून ठेवली होती.

आता लिहायला बसलोच आहे तर नुसता रडत बसणार नाही. तू जिंकून गेलास. एवढ्या मोठ्या खात्याला, त्याच्या संचालकाला आणि भर सभागृहातल्या हशाला एका मानशीवरच्या माणसाने हरवलं, आणि त्याचा साक्षीदार मी आहे. ते आधी लिहिलं पाहिजे. माझं पाप त्यातच येईल.

तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या घाटावरच्या लोकांसाठी सांगतो. खाजन म्हणजे नदीकाठची, खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली भातशेती. त्या बांधात दार असतं, ती मानस. भरतीला दार बंद करायचं म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला उघडायचं म्हणजे शेतातलं साचलेलं पाणी नदीला जातं. पूर्वी तिथे लाकडी झडप असायची आणि ती पाण्याच्या जोरावर आपली आपण मिटायची. आमच्या बांध खात्याने सुधारणा म्हणून लोखंडी दारं आणि चाकं बसवली, आणि मग चाक फिरवायला माणूस लागू लागला. पेडणे आणि डिचोली मिळून अशा नऊ मानशी, म्हणून रखवालदाराची नऊ पदं मंजूर झाली. त्यातल्या एका पदावर तू होतास.

आपण दोघे एकाच आठवड्यात खात्यात लागलो. मी मुळगावचा, अक्षर बरं म्हणून पणजीला मुख्य कार्यालयात आस्थापना विभागात बसलो. कोणाची नेमणूक कुठे, कोणाची बदली कुठे, कोण हजर, कोण रजेवर, सगळ्या फायली माझ्या कपाटात. तू पेडण्यात तुझ्याच गावच्या मानशीवर. भेट शुक्रवारी, म्हापशाच्या बाजारात. तू तुझी वेळ साधून यायचास, आणि ती वेळ दर शुक्रवारी वेगळी असायची. मला एकदा वैताग आला तेव्हा तू स्टँडवरच्या बाकावर बसून बोटाने हवेत नदी काढून समजावलंस.

"पात्रांव, भरती रोज पाऊण तास उशिरा येता. आज पाचाक आयली तर फाल्यां पावणेसाक. माजी डुटी पाण्यावांगडा फिरता. तुजी डुटी घड्याळावांगडा."

पात्रांव म्हणजे मालक. तू मला पहिल्या दिवसापासून त्याच नावाने हाक मारलीस, आणि त्यात टोमणा किती आणि माया किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण भरती-ओहोटी मात्र कळली. ती इतकी पक्की कळली की पुढे कधीच 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय उरली नाही.

नऊ पदं कागदावर कायम भरलेली होती. त्यांच्यावरची सात माणसं पणजीत होती. कोणी साहेबांची गाडी चालवत होता, कोणी कार्यालयात चहा आणत होता, कोणी बंगल्यातली फुलझाडं बघत होता. आमच्या भाषेत त्याला 'कामाच्या सोयीसाठी तात्पुरती व्यवस्था' म्हणतात. ते आदेश मीच टंकायचो. मानशी उघड्या राहायच्या. खारं पाणी आत जाऊन कोरगुट भाताच्या शेतात पांढरा थर बसायचा. तू तुझं दार सांभाळून शेजारच्या दोन दारांकडे सायकलने धावायचास, आणि खात्याला अर्ज लिहायचास की बाबांनो, आमची माणसं परत पाठवा. ते अर्जही माझ्याच कपाटात यायचे.

एकदा उपसंचालकांबरोबर मी अचानक तपासणीला आलो होतो. जीप तुझ्या मानशीवर पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. तिथे कोणी नव्हतं. आम्ही तुझ्या घरी आलो. वहिनींनी कॉफी दिली, बरोबर उंडे पाव दिले.

"ते पाण्यावांगडा गेल्ले पहाटे. दार उघडून आताच आयले. जरा दोळो लागला तेंचो. उठवू काय?"

मी म्हटलं, "नको वहिनी, झोपू दे त्याला."

परत जाताना उपसंचालकांनी जीपमध्ये माझ्या मांडीवर फॉर्म ठेवला. तपासणीची वेळ साडेदहा. कर्मचारी हजर की गैरहजर? तिसरा रकाना नव्हता. 'पहाटेच्या पाण्याला हजर' असं लिहायला कागदावर जागाच नव्हती. मी 'गैरहजर' लिहिलं. पुढे आणखी दोघे असेच कचेरीच्या वेळेत येऊन गेले आणि आणखी दोनदा 'गैरहजर' लागलं. पुढल्या शुक्रवारी तू माझ्यावर रुसलास, पण भलत्याच कारणासाठी.

"मेल्या, घरा आयलंस आनी माका उठवक नाय? वांगडा कॉफी घेतली असती!"

मी हसलो. फॉर्मबद्दल बोललो नाही.

मग विधानसभेत तो प्रश्न आला. तुझ्या अर्जाची प्रत विरोधी पक्षाच्या एका आमदाराकडे पोचली होती. बांध खात्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि मानशींवर प्रत्यक्ष हजर माणसं किती, असं त्यांनी विचारलं. उत्तराचा मसुदा माझा. मंजूर नऊ, भरलेली नऊ, रिक्त शून्य. शेवटच्या भागाला मी 'वरीलप्रमाणे' असं उत्तर दिलं. आज तो एक शब्द आठवला तरी कान तापतात.

सभागृहात अधिकाऱ्यांसाठी वेगळी गॅलरी असते. मंत्र्यांना उपप्रश्न आला की तिथून चिठ्ठ्या जातात. लोकांना वाटतं मंत्र्याला सगळं पाठ असतं. त्याला पाठ काही नसतं, त्याच्या मागे आमच्यासारखे बसलेले असतात. त्या दिवशी संचालकांच्या मागच्या खुर्चीवर मी होतो, मांडीवर फायल. आमदार उभे राहिले, तुझा अर्ज वर धरला आणि म्हणाले की मानशीवरचा कर्मचारीच लिहितो आहे, सात दारांवर माणूस नाही. मंत्र्यांनी गॅलरीकडे पाहिलं. संचालक मागे वळले.

"ह्या माणसाविरुद्ध काही आहे का फायलीत?"

मला विचारलं, आणि मला उत्तर माहीत होतं. झालं ते एवढंच. पस्तीस वर्षं मला जे विचारलं ते मी काढून देत आलो होतो आणि त्याच सवयीने हात चालला. मी लिहिलं, 'सदर कर्मचारी स्वतः तीन अचानक तपासण्यांत गैरहजर आढळला.' चिठ्ठी पुढे गेली. मंत्र्यांनी खाली बघून वाचलं आणि वर बघून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, जो स्वतः कामावर नसतो, तो दुसऱ्यांची हजेरी मांडतो आहे." सभागृह हसलं. तो हशा मी ऐकला. माझ्याभोवतीच्या खुर्च्यांवरचेही हसले. मी हसलो की नाही, ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच वाईट आहे.

त्या वर्षी मला अधीक्षक केलं. चिठ्ठीमुळे की ज्येष्ठतेमुळे, ते मला आजही ठाऊक नाही.

तुझ्या गावात कामकाज मोबाईलवर बघत होते. दुसऱ्या दिवशी तू चहाच्या दुकानात पाय ठेवलास आणि कोणीतरी ओरडला, "आयलो रे गैरहजर! च्या घाला तेका, आनी हजेरी मांडा!" ते नाव तुला चिकटलं. लग्नकार्यात चिकटलं, देवळाच्या बैठकीत चिकटलं. तुझ्या मुलीला शाळेत त्यावरून विचारलं. तू तरीही दर भरतीला चाक फिरवत राहिलास, पण आता तुला दोन गोष्टी हव्या होत्या. माणसं मानशींवर परत हवी होती, आणि ते एक वाक्य जिथे बोललं गेलं तिथेच खोडलेलं हवं होतं.

त्याच शुक्रवारी तू मला विचारलंस.

"माका एकच सांग. चिठ्ठी कोणी दिली?"

"संचालकांनीच असेल. पुढे तेच बसतात."

"संचालकाक माजे तीन दिवस तोंडपाठ?"

"फायलीत असतं सगळं."

"फायल कोण उघडता?"

मी म्हटलं, तुझी बस लागली. बस खरंच लागली होती. पण ती सुटायला अजून वेळ होता, आणि ते आपल्या दोघांनाही दिसत होतं.

मी निवृत्त झालो त्यानंतर बातमी आली की विधानसभेच्या अंदाज समितीने बांध खातं तपासायला घेतलं आहे. खर्च आणि माणसं, दोन्ही. तू त्याच दिवशी मुळगावला माझ्या दारात.

"पात्रांव, माजो अर्ज लिव. तुका तेंची भास येता."

मी लिहिला. सगुण, माझ्या उभ्या नोकरीत मी इतकं चांगलं काही लिहिलं नाही. कोणत्या मानशीचा रखवालदार पणजीत कोणत्या खुर्चीवर बसतो, ते सगळं आठवून लिहिलं. रिकाम्या मानशींसाठी ठेकेदाराकडून माणसं घेतल्याची बिलं निघतात आणि ती माणसंही कोणी पाहिलेली नाहीत, तेही लिहिलं. खात्याच्या घरातला माणूस सांगतो तेव्हा काय उघडं पडतं, ते तेव्हा मला कळलं. शेवटचं वाक्य मात्र तुझं होतं. मी ते खोडायला निघालो होतो, तू हात धरलास. 'समितीने पाहणीला यायचं तर कचेरी उघडते तेव्हा येऊ नये, पाणी चढतं तेव्हा यावं.' आणि खाली तू पुढच्या महिन्याभराच्या भरतीच्या वेळा घातल्यास.

खात्याने पाहणी अकराला ठरवली होती. मंडप, बसायला कदेलां, काजूगर, मानशीच्या दाराला ताजा निळा रंग. मी आदल्या संध्याकाळपासून तुझ्या घरी होतो. सकाळी सहाला, जेमतेम उजाडलं होतं, बांधावर एक साधी गाडी येऊन थांबली. समितीच्या अध्यक्ष बाई उतरल्या, बरोबर दोन सदस्य. येताना त्या तीन मानशी बघून आल्या होत्या. तिन्ही सताड उघड्या होत्या आणि नदी शेतात शिरत होती. चौथ्या मानशीवर एक माणूस अर्ध्या चड्डीत, चिखलात उभा राहून चाक फिरवत होता.

बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?"

तू चाक सोडलं नाहीस. "मी गैरहजर."

"म्हणजे?"

"तेंच नाव पडला माजा, बाई. तुमच्याच सभागृहात बारसा झाला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावरून खाली आल्या. दार पुरतं बसेपर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या. तू त्यांना बाहेर चढलेलं पाणी आणि आत थांबलेलं पाणी दाखवलंस. मी मागे उभा होतो. मला वाटलं, राज्याचा कारभार तपासणं म्हणजे काय, ते मी आज पहिल्यांदा बघतो आहे. फायली सांभाळण्यात मी आयुष्य घालवलं, पण दार बंद होताना कधी पाहिलं नव्हतं.

अकराला संचालक मंडपात हार घेऊन उभे. शेजारी नव्या खाकी कपड्यांत सात माणसं रांगेत. बाईंच्या साडीची किनार चिखलाने भरलेली पाहून संचालक गडबडले.

"बाई, आपण... आत्ताच आलात ना?"

"नाही. मी भरतीला आले. तुम्ही ओहोटीला आलात."

मग त्या रांगेतल्या पहिल्या माणसाकडे वळल्या. "पाणी उतरलंय. दार उघडा बघू." तो बिचारा चाकाला जाऊन भिडला आणि उलटंच फिरवू लागला. आधीच बसलेलं दार आणखी रुतलं. मागून तुझा आवाज आला.

"अरे, साहेबाची गाडी न्हय ती! हंय रिव्हर्स पडत नाय!"

बांधावर जमलेलं सगळं गाव हसलं. त्या माणसाने कपाळावरचा घाम पुसला आणि हात जोडले. "बाई, खरा सांगूचा तर मी मानस पयल्यांदाच बघतंय. मी डायवर."

दुसरा विचारायच्या आधीच म्हणाला, "मी फुलझाडां."

समितीची पुढची बैठक पर्वरीला, विधानसभेच्या इमारतीत, बंद दाराआड. साक्षीला तू आत, मी बाहेर झाडाखाली. तू बाहेर आलास तो थेट बसमध्ये, आणि म्हापशापर्यंत उभा राहून सगळं सांगितलंस. "हें गुप्त आसा हां, कोणाक सांगूचा नाय," असं म्हणून इतक्या मोठ्याने, की कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबला. गिरीला उतरायची एक बाई उतरलीच नाही. "म्हापशासून परत येतंय, आधी तू सांग."

संचालक तू झालास, अध्यक्ष बाईही तूच झालास.

संचालकांनी सांगितलं म्हणे, तात्पुरती व्यवस्था आहे. बाईंनी विचारलं, किती वर्षांपासून तात्पुरती? संचालकांनी फायल चाळली. बाई म्हणाल्या, पगार मानशीच्या पदाचा, माणूस पणजीत, वर ठेकेदाराचं बिल. एका दाराला दोन पगार, आणि दार तरी उघडंच. मग संचालकांनी शेवटचा पत्ता टाकला. तक्रारदार स्वतः तीनदा गैरहजर होता.

"मगे?" कंडक्टर.

मग तू पिशवीतून तुझी वही काढलीस. दर दिवशी दार कधी लावलं, कधी उघडलं, हे तू नोकरीला लागल्यापासून लिहीत होतास. ओल्या हाताने लिहिलेली, कडा फुगलेली वही. बाईंनी पहिली तारीख वाचायला सांगितली. पहाटे साडेचारला बंद, साडेनवाला उघडलं. तपासणी? साडेदहाला. दुसरी तारीख तशीच, तिसरीही तशीच. बाईंनी संचालकांना विचारलं, तपासणीसाठी साडेदहाचीच वेळ का? ते म्हणाले, ती कार्यालयीन वेळ आहे.

इथे तू बसचा दांडा सोडलास, दोन्ही हात कमरेवर ठेवलेस, आणि अध्यक्ष बाईंचा आवाज काढलास.

"संचालक महोदय, ही कार्यालयीन वेळ तुम्ही नदीला कळवली होती का?"

बसमध्ये टाळ्या पडल्या. एका अनोळखी म्हाताऱ्याने उठून तुला स्वतःची जागा दिली. तू बसलास आणि मग तुझे डोळे भरून आले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढल्या अधिवेशनात अहवाल सभागृहात ठेवला गेला. सातही रखवालदार एका महिन्याच्या आत आपापल्या मानशीवर. ठेकेदाराचं काम बंद, बिलांची चौकशी. हजेरीपटात नवा रकाना, भरतीची वेळ. आणि एका परिच्छेदात लिहिलं होतं की तक्रारदार कर्मचाऱ्याबद्दल सभागृहात केलेलं विधान अपुऱ्या माहितीवर होतं, तो कर्मचारी तिन्ही दिवशी आपल्या कामावर होता. तू त्या पानाच्या प्रती म्हापशाला काढल्यास आणि चहाच्या दुकानात प्रत्येकाच्या कपाखाली एक ठेवलीस. दुकानदाराने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवसापासून तू आलास की लोक म्हणायचे, "हजर आयलो!"

आणि ते सात? तू त्यांना शिव्या घालत शिकवलंस. डायवर आज पेडण्यातला सगळ्यात चांगला रखवालदार आहे; रात्रीच्या भरतीलाही चुकत नाही. दोन पावसाळ्यांत शेतांतलं मीठ धुऊन गेलं आणि जिथे पांढरे थर होते तिथे कोरगुट उभं राहिलं. तुला न्यायची वेळ झाली त्या दिवशी ती सातही माणसं उशिरा आली, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. भटजी घाई करत होते. डायवर म्हणाला, "भटजीनू, रागावू नका. पाणी चढत होता. दारां लावून आयलंव." तुला खांदा त्यांनीच दिला.

एक वाद मात्र आपला अर्धाच राहिला. समितीला तू शेवटी सांगून आलास की लोखंडी दारं काढा, जुनी लाकडी झडप परत बसवा, माणूसच लागणार नाही. मी तुझ्यावर चिडलो. एवढं भांडून पदं भरून घेतलीस आणि आता तीच रद्द करायला सांगतोस? सरकारात पद एकदा गेलं की परत मिळत नाही, हे माझं म्हणणं. तू म्हणायचास, "माजी पोस्ट भात राखूक होती, माका राखूक न्हय." यावर मी दर शुक्रवारी नवं उत्तर काढायचो. परवा एक नवं सुचलं. मग लक्षात आलं की आता ते कोणाला सांगायचं.

अहवालात आणखी एक ओळ होती. अपुरी माहिती मंत्र्यांपर्यंत कोणी पोचवली, ते समितीला कळू शकलं नाही. ती ओळ तू बोटाने दाखवलीस, स्टँडवर, बाकावर बसून.

"हें एक रवला बघ."

तूच पुढे म्हणालास, "जाऊ दे. असतलो कोणतरी घाबरट. तेकाय घरदार असतला."

तुला कळलं होतं का? मी स्वतःला हे विचारायचं सोडून दिलं आहे. कळलं असेल तर तू मोठा होतास. नसेल तरी मोठाच होतास. दोन्हींमध्ये माझं काही कमी होत नाही.

तू इस्पितळात होतास तेव्हा मी ठरवून आलो होतो. मुळगावहून स्कूटरवर येताना वाक्यं जुळवली. वहिनी औषध आणायला खाली गेल्या, आपण दोघेच. मी खुर्ची जवळ ओढली. तू माझा हात धरलास आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणालास, "पात्रांव, तू माजो अर्ज लिवलंस म्हणून हें झाला. नायतर मी गैरहजरच मेलंय असतंय." त्यानंतर मी काय बोलणार होतो? तू आभार मानलेस आणि मी ते घेतले. चोरून घेतल्यासारखे घेतले.

आज सकाळी मी पर्वरीला जाऊन विधानसभेच्या कचेरीत एक पत्र दिलं. चिठ्ठी कोणी लिहिली, पहिल्या तपासणीत गैरहजर कोणी लिहिलं, तेव्हा तो माणूस घरात पहाटेच्या कामाने दमून झोपला होता हे कोणाला ठाऊक होतं, सगळं माझ्या नावासकट. तिथला कारकून वाचून म्हणाला, "काका, ती समिती संपली. आता हे कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही फक्त आवकचा शिक्का मारा." त्याने मारला. समितीला जे कळू शकलं नव्हतं, ते आता कागदावर आहे. तुझ्या विजयात एवढीच जागा रिकामी होती.

तिथून मी तुझ्या घरी आलो आणि पत्राची प्रत वहिनींना वाचून दाखवली. त्यांनी पुरतं ऐकलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त भय वाटलं.

"माका सांगून काय उपेग, भाई? तेका सांगूक होया होता."

म्हणून तुला सांगतो आहे. इस्पितळाच्या वाटेवर मी जुळवलेली वाक्यं ही अशी होती.

सगुण, माझी चूक झाली असं मी म्हणत नाही, चूक नकळत होते. तुझं पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं, हे मला तुझ्याइतकंच पाठ होतं, आणि तरीही मी तुझ्याविरुद्ध लिहिलं. सगळ्या गोव्यासमोर तुझी मान खाली गेली, तुझ्या मुलीला शाळेत ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्या हाताने झालं. मग तू मला विचारलंस तेव्हा मी दुसऱ्याचं नाव घेतलं. माझ्याकडे याला कारण नाही. मला क्षमा कर.